नंदादीपाला किती हवा लागते?

मंगळावर चारशे माणसांची वसाहत आहे, मध्ये देऊळ आहे आणि गाभाऱ्यात तुपाचा नंदादीप अखंड तेवतोय. लिहायला हे एकच वाक्य. आता त्याचा हिशेब मांडू. दिवा तासाला ५ ग्रॅम तूप खातो असं धरा. दिवसाचं झालं १२० ग्रॅम. एक ग्रॅम तूप पूर्ण जळायला सुमारे २.९ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे दिवसाला साधारण ३५० ग्रॅम. यानातल्या हवेची आखणी करताना एका माणसामागे दिवसाला ८४० ग्रॅम ऑक्सिजन धरतात. तेव्हा हा दिवा म्हणजे दोन-पंचमांश माणूस झाला. घरटी एक असे शंभर दिवे लावले तर चाळीसेक माणसांची हवा गेली, शिवाय त्या दिव्यांचा कार्बन डायऑक्साइड खेचून घ्यायला यंत्रांवर जादा भार.

एक दिवा परवडतो, शंभर परवडत नाहीत. मग कोणीतरी ठरवणार की घरोघरी ज्योत नको, सगळ्या वसाहतीची मिळून एक. हा निर्णय देवळाचा की सरकारचा? हवेच्या वहीत रोज दिव्याच्या नावाने ३५० ग्रॅमची ओळ पडणार आणि त्या ओळीपुढे कोणाची तरी सही लागणार. ज्याची सही, त्याच्या हातात देवही आणि श्वासही.

अंतराळात धर्म आणि राज्यकारभार यांची गाठ खरी बसते ती इथे. आपल्याकडे, नागपुरात आणि एकूण विदर्भात, दिवाळी अंकांसाठी विज्ञानकथा लिहिणारे बरेच आहेत. धर्मसत्तेचं राज्य रंगवायचं म्हटलं की पहिल्यांदा भगवे नाहीतर काळे झगे येतात, मग सिंहासन, मग एक भविष्यवाणी. वसाहतीत पाणी कुठून येतं, हे शेवटच्या पानापर्यंत कळत नाही. माझं म्हणणं असं की देव, झगे, मंत्र हे सगळं नंतर. आधी दोन वह्या मांडा, एक हवा-पाण्याची आणि दुसरी काळाची, म्हणजे पंचांगाची. त्या कोण लिहितो, कोण तपासतो, चूक झाली तर कोणाला कळतं, एवढं पक्कं केलंत की तुमचं राज्य आपल्या पायावर उभं राहतं.

काळाच्या वहीपासून सुरू करू, कारण तिथेच सगळ्यात जास्त घोळ होतो.

पंचांग दुरुस्त करायचा अधिकार कोणाचा, यावरून देशच्या देश अडून बसलेत. १५८२ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांच्या आज्ञेने ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला. गणित बरोबर होतं. तरी इंग्लंडने ते १७५२ पर्यंत मानलं नाही, कारण आज्ञा पोपची होती. उलट बाजू आपल्याच देशात पाहा. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू केली. राजपत्रावर ती तारीख आजही छापून येते. पण पोळा, अक्षय तृतीया, गुढीपाडवा कोणीही त्या दिनदर्शिकेवरून ठरवत नाही. पहिल्या ठिकाणी धर्माचा शिक्का होता म्हणून परक्या सरकारने नाकारलं, दुसऱ्या ठिकाणी फक्त सरकारचा शिक्का होता म्हणून घरात शिरलं नाही. तुमच्या कथेतल्या राज्याकडे दोन्ही शिक्के एकाच पेटीत आहेत. त्याची ताकद तिथे आहे.

आता मंगळ. तिथला दिवस, ज्याला शास्त्रज्ञ सोल म्हणतात, २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा. वर्ष ६६८.६ सोलचं. पृथ्वीवरून गेलेल्या माणसांपुढे पहिल्याच महिन्यात प्रश्न येणार: एकादशी कधी? तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातलं १२ अंशांचं अंतर, आणि दिवसाची तिथी ठरते सूर्योदयाला जी चालू असेल तिच्यावरून. मंगळाला आपला चंद्र नाही. फोबोस आहे, तो ७ तास ३९ मिनिटांत फेरी मारतो, स्वतः मंगळ फिरतो त्यापेक्षा वेगाने, म्हणून पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो. फोबोसवर तिथी मोजल्या तर एक तिथी पंधरा मिनिटांची होते. डायमॉसची फेरी ३० तासांची, म्हणजे तिथी एका तासाची. उपास धरायला दोन्ही निरुपयोगी.

मग वसाहत पृथ्वीचाच चंद्र धरणार. पण सूर्योदय कुठला? हा प्रश्न आजही आहेच. नागपूर ७९.१ अंश रेखांशावर, मुंबई ७२.९ वर, सूर्य आपल्याकडे जवळपास २५ मिनिटं आधी उगवतो आणि तेवढ्यात तिथी बदलली तर दोन शहरांचे दिवस वेगळे पडू शकतात. समजा वसाहतीने नागपूरच्या झिरो माइल स्तंभाजवळचा सूर्योदय प्रमाण मानला. उत्तम कल्पना आहे, वाचकाला लगेच भिडते. पण सोल आपल्या दिवसापेक्षा जवळपास ४० मिनिटांनी मोठा. त्यामुळे नागपूरचा सूर्योदय मंगळाच्या घड्याळावर दर सोलला ४० मिनिटं अलीकडे सरकतो आणि ३६-३७ सोलमध्ये पूर्ण वर्तुळ फिरून येतो. म्हणजे एका एकादशीचा उपास पहाटे सुरू होईल, पुढची संध्याकाळी लागेल, त्या पुढची सकाळच्या पाळीच्या मध्यात. अंतराळपोशाख घालून सहा-सात तास बाहेर काम करणाऱ्या माणसाने निर्जळी करायची की नाही, हे कोणीतरी सांगायलाच हवं.

हा प्रश्न कल्पनेतला मुळीच नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये मलेशियाचे शेख मुझफ्फर शुकोर अंतराळस्थानकावर गेले तेव्हा रमजान चालू होता. स्थानकावर दर दीड तासाला सूर्य उगवतो, दिवसाला सोळा वेळा. मलेशियाच्या धर्मपरिषदेने त्यांच्यासाठी लेखी मार्गदर्शन काढलं: नमाजाच्या वेळा ज्या ठिकाणाहून उड्डाण झालं त्या ठिकाणच्या धराव्यात, किब्ल्याची, म्हणजे नमाजात तोंड करायची, दिशा जमेल तशी, आधी काबा, नाही जमलं तर पृथ्वी, तेही नाही तर जिकडे तोंड असेल तिकडे, आणि रोजे परत आल्यावर धरले तरी चालतील. लेखकाने हा कागद नीट समजून घ्यावा. धर्म अंतराळात जातो तेव्हा त्याची पहिली गरज सवलतीची असते. आणि सवलत देणारा माणूस हळूहळू राज्यकर्ता होतो. कथेत हे चार ओळींत दाखवता येतं, एक पोरगी आणि वही लिहिणारे काकाजी यांच्या बोलण्यातून:

"काकाजी, एकादशी उद्या चारला लागून राहिली, अन् माझी बाहेरची ड्यूटी तीनपासून हाय."
"मंग उपास सोड बाई. ड्यूटी सोडता येत नाही."
"आजी ऐकून नाही राहिली ना."
"आजीले सांग, वहीत काकाजीची सही हाय म्हणा."

पोरगी निश्चिंत होते, आजी गप्प बसते, आणि काकाजीची सही घरातल्या वडीलधाऱ्यांच्या शब्दापेक्षा मोठी ठरते. धर्मसत्ता अशी वाढते, एकेका घरात, मदतीच्या रूपाने. या काकाजीला दुष्ट करू नका. तो भला माणूस असला तरच पुढचा धोका वाचकाला जाणवेल.

पृथ्वीच्या चंद्राला धरून राहणारे एका बाजूला आणि "आता आपण मंगळाचे" म्हणणारे दुसऱ्या बाजूला, असा पंथभेद दुसऱ्या पिढीत होणारच. त्यासाठी भांडणाचं कारण शोधत बसायला नको, महाराष्ट्रात नमुना आहे. टिळक पंचांग आणि इतर पंचांगं यांच्या अयनांशात, म्हणजे राशिचक्राचा आरंभ किती सरकला असं धरतात त्या कोनात, साधारण चार अंशांचा फरक आहे. तेवढ्याने संक्रांत चार दिवसांनी हलते, अधिक महिना कधीकधी वेगळा पडतो आणि मग एकाच राज्यात काही घरी गणपती महिनाभर आधी बसतात. चार अंशांनी एवढं होतं. आणि त्याच परंपरेत हा फरक पचवायची रीतही आहे: स्मार्त एकादशी आणि भागवत एकादशी दोन्ही दिनदर्शिकेत छापतात, ज्याने त्याने आपली धरावी. तुमचं राज्य दोन्ही छापतं की एकच छापतं, यावरून ते किती कडक आहे हे न सांगता कळेल.

"आपण मंगळाचे" म्हणणाऱ्यांच्या हातात एक जबरदस्त मुद्दा द्या: चातुर्मास. मूळ चातुर्मास पावसाचा. रस्ते बंद, नद्या फुगलेल्या, म्हणून साधूंनी एका जागी राहायचं, लग्नं काढायची नाहीत. मंगळावर पाऊस नाही, धूळ आहे. उत्तर गोलार्धातला शरद आणि हिवाळा, मिळून जवळजवळ ३०० सोल, हा मोठ्या धुळवादळांचा काळ. २०१८ च्या वादळाने ऑपॉर्च्युनिटी रोव्हर, म्हणजे मंगळावर फिरणारी यंत्रगाडी, कायमचा गप्प झाला. १० जूननंतर त्याचा संदेश आला नाही, कारण सौरपट्ट्यांवर ऊनच पोचलं नाही. तेव्हा मंगळाचा चातुर्मास म्हणजे हा धुळीचा काळ. दूरचे प्रवास बंद, नवी बांधकामं बंद, लग्नं नाहीत (नव्या जोडप्याला वेगळी खोली म्हणजे वेगळी ऊब आणि वेगळी हवा), विजेवर शिस्त. व्रत आणि वीजकपातीचं वेळापत्रक एकाच कागदावर येतं. हे नियम मोडणारा पापी की गुन्हेगार, असा फरकच त्या समाजाच्या भाषेत उरणार नाही. मला ही जागा फार मोलाची वाटते. एखाद्या लेखकाने नुसता हा चातुर्मास धरून कादंबरी लिहावी.

मुहूर्ताचंही तसंच. पृथ्वी आणि मंगळ यांच्यातली सोयीची उड्डाणवेळ दर २६ महिन्यांनी येते. मंगळ ते सेरेस, म्हणजे लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या बर्फाच्या खाणीकडे जायची वेळ साधारण ३८ महिन्यांनी, आणि कमीत कमी इंधनाचा मार्ग धरला तर प्रवास जवळपास १९ महिन्यांचा. वेळ चुकली तर तीन वर्षं बसून राहा. मुहूर्त या शब्दाला इतका खरा अर्थ आजवर कुठे मिळाला नसेल. इथे एक चूक टाळा. कक्षेचं गणित गुप्त विद्या म्हणून दाखवू नका. ते वसाहतीतल्या शाळकरी पोरालाही संगणकावर करता येईल. आजसुद्धा तिथी फोनवर दिसते, तरी लग्नाची तारीख गुरुजींना विचारूनच काढतात. गणित सगळ्यांना येतं, पण यानात जागा कोणाला आणि इंधन किती, हे ज्याच्या सहीने ठरतं त्याचाच मुहूर्त चालतो.

राज्यरचनेबद्दल थोडक्यात, कारण इथे तयार नमुने पुष्कळ आहेत. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत पंडितराव हे धर्मखात्याचे प्रधान. न्यायाधीश आणि पंडितराव सोडून बाकी सगळ्यांना लष्करी मोहिमेवर जावं लागे. म्हणजे धर्म राज्याच्या आत, पण एका खात्यापुरता. त्रावणकोरात मार्तंड वर्मांनी १७५० मध्ये सगळं राज्य पद्मनाभस्वामींना अर्पण केलं आणि स्वतः पद्मनाभदास म्हणून कारभार पाहिला. राजावर टीका म्हणजे देवावर टीका, अशी सोय त्यात आपोआप होते. भूतानमध्ये सतराव्या शतकापासून धर्माचा प्रमुख वेगळा, कारभाराचा वेगळा, अशी जोडव्यवस्था. इराणमध्ये बारा जणांची पालक परिषद, त्यात सहा धर्मज्ञ आणि सहा कायदेपंडित. संसदेचा कायदा ती अडवू शकते आणि निवडणुकीला कोणी उभं राहायचं तेही चाळते. अंतराळासाठी मला जोडव्यवस्था सगळ्यात खरी वाटते, कारण यंत्रं कोणीतरी रोज चालवावीच लागतात आणि चालवणाऱ्याला मंत्र म्हणायला वेळ नसतो. दोघांच्या सह्या एका वहीत, आणि दोघांचं पटत नाही, यातून कथा हलती राहते.

चारशेंच्या वसाहतीला पंचांगघरात, म्हणजे दोन्ही वह्या लिहिणाऱ्या कचेरीत, सात माणसं पुरतात: दोन गणिती, दोन हवा-पाण्याचे जाणकार, एक डॉक्टर, एक कीर्तनकार आणि एक हिशेबनीस. हिशेबनीस विसरू नका. आपल्याकडे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली देवस्थानांना धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करून हिशेब तपासून घ्यावा लागतो. देऊळ आणि सरकार एकच झालं की हा तपासणारा बाहेरचा माणूस नाहीसा होतो. कुजायला सुरुवात तिथून होते, आणि हवेच्या वहीतली कूज दिसायला वर्षं लागत नाहीत, आठवड्यात डोकी दुखू लागतात.

डोकेदुखीवरून सभामंडप आठवला. २० मीटर लांब, १५ रुंद, ४ उंच, म्हणजे १२०० घनमीटर. दोनशे माणसं कीर्तनाला बसली. बसलेला माणूस दिवसाला सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. दोनशेंचे तासाला आठ किलो, म्हणजे साडेचार घनमीटर. हवा खेळती नसेल तर तासाला जवळपास ०.४ टक्का भर. अंतराळस्थानकावर अर्ध्या टक्क्याच्या आसपासच डोकेदुखीच्या तक्रारी येतात. आणि हे नुसतं बसून ऐकणाऱ्यांचं गणित. टाळ घेऊन पावली खेळायला लागले की श्वास दुप्पट-तिप्पट होतो आणि अर्ध्या तासात तुम्ही त्या आकड्यावर पोचता. तेव्हा मंडपाचे पंखे वाढवा, नाहीतर कीर्तन तुकड्यांत वाटा. पूर्वरंग आणि उत्तररंग यांच्यामध्ये अर्ध्या तासाची विश्रांती, दारं उघडी, सगळे बाहेर. दोन पिढ्यांनी ही विश्रांती का आहे ते कोणाला आठवणार नाही, पण मोडायची कोणाची छाती होणार नाही.

ज्योतीचंही असंच. मंगळावर गुरुत्वाकर्षण ०.३८ पट आहे, तिथे दिवा जळेल, ज्योत आपल्यापेक्षा गोलसर. पण यानात वजनच नसतं, गरम हवा वर जात नाही, ज्योत गोळ्यासारखी निळसर होते आणि आपल्याच धुराने घुसमटून विझायला बघते. यानातल्या देवघरात म्हणून तुपाचा दिवा दाखवू नका. उदबत्ती आणि कापूर तर कुठेच नको. धूरसूचक यंत्रं वाजतात आणि काजळी गाळण्यांत जाऊन बसते. फुलं चालतील, वाळली की खतात जातात.

तीर्थाचा प्रश्न याहून खोल. स्थानकावर २०२३ मध्ये पाण्याचा ९८ टक्के पुनर्वापर साधला. त्यात घाम, श्वासातली वाफ आणि लघवी, सगळं आलं. पळीतून हातावर पडणारं तीर्थ कालपर्यंत कोणाच्या तरी शरीरात होतं, हे वसाहतीत लहान पोरालाही माहीत असणार. सोवळं-ओवळं मानणारा धर्म हे पचवणार कसा? एकच मार्ग दिसतो: यंत्रातून गेलं की सगळं शुद्ध, असा सिद्धांत. मग शुद्धतेचा दाखला प्रयोगशाळा देते आणि प्रयोगशाळेतला तंत्रज्ञच पुजारी होतो. वंश, कूळ, गोत्र यांना इथे जागा उरायला नको. पण माणसं ती जागा तयार करतात. "आमच्या यंत्रात फक्त आमचं पाणी" असं म्हणणारा गट कोणत्या पिढीत निघतो, ते लेखकाने ठरवावं. तो निघणार नाही असं मात्र धरू नये.

मी ज्या दोन सणांवर जीव टाकतो ते नागपूरचे. पोळ्याला बैलाला काम नसतं, खांदे मळायचे, शिंगं रंगवायची. मंगळावर बैल नाहीत, रोव्हर आहेत. क्युरिऑसिटीच्या सहा चाकांचा ॲल्युमिनियमचा पत्रा पाऊण मिलिमीटर जाड, आणि टोकदार दगडांनी त्याला भोकं पडली, हे २०१३ मध्ये फोटोंत दिसलं. तेव्हा मंगळाच्या पोळ्याला एकही रोव्हर बाहेर जाणार नाही. चाकं उतरवून तपासायची, धूळ पुसायची, वंगण घालायचं, मग पूजा. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरं चाकांचे लाकडी बैल ओढत निघतात, तिथे ती छोटे रोव्हर ओढतील. लाकूड मात्र महाग पडेल, भंगारातला पत्रा दाखवा. यंत्राची सक्तीची तपासणी आणि सण एक झाले की तपासणी कधी चुकत नाही, आणि धर्मराज्याची ही चांगली बाजू प्रामाणिकपणे लिहायला हवी.

तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी इथे मारबत, म्हणजे इडापिडेचा मोठा पुतळा, मिरवत निघते. काळी आणि पिवळी मारबत, दोन्ही एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" असं ओरडत लोक रस्त्यावर येतात आणि सोबतच्या बडग्यांवर, म्हणजे थट्टेच्या पुतळ्यांवर, पुढारी, महागाई, सरकारी धोरणं यांची खरडपट्टी असते. धर्माच्या छत्राखाली सरकारला शिव्या घालायचा एक दिवस! अंतराळातल्या धर्मराज्याला असा दिवस असेल तर ते टिकेल, नसेल तर फुटेल, असं मला मनापासून वाटतं. फक्त तिथे पुतळा जाळता येणार नाही, हवा परवडत नाही. तो दळून भट्टीत टाकायचा आणि त्यातून नळाच्या चकत्या काढायच्या. आणि ज्या वर्षी पंचांगघर "यंदा बडग्यांवर हवेच्या वहीबद्दल काही लिहायचं नाही" असं फर्मान काढतं, ते वर्ष तुमच्या कथेचं.

सेरेसकडे वळू. सरासरी अंतरं धरली तर मंगळाचा संदेश तिथे पोचायला साधारण १० ते ३६ मिनिटं लागतात. प्रश्न आणि उत्तर मिळून कधी तासाहून जास्त. तातडीचा निर्णय विचारून घेता येत नाही, म्हणून सेरेसवरच्या माणसाला आधीच अधिकार द्यावा लागतो, आणि दिलेला अधिकार परत घेणं अवघड. शिवाय सूर्य मध्ये आला की संपर्क बिघडतो; पृथ्वी-मंगळ संपर्कात अशा वेळी दर २६ महिन्यांनी साधारण दोन आठवडे रोव्हरना आज्ञा पाठवणं थांबवतात. मंगळ-सेरेसमध्ये असा काळ ३८ महिन्यांनी येईल. त्याला मौन म्हणा. मौनात वरिष्ठांचा शब्द पोचत नाही, स्थानिक प्रमुखाची सही अखेरची. बंडखोरी, नवा पंथ, वहीतली फेरफार, जे काही घडवायचं ते मौनात घडवा. लेखकाला ती तारीख शंभर वर्षं आधी काढून ठेवता येते.

आता शेवटची आणि सगळ्यात गंभीर गोष्ट, शिक्षा. धर्माची सगळ्यात जुनी शिक्षा बहिष्कार. गावकीने वाळीत टाकलं की विहीर बंद, दुकान बंद, मयताला खांदा नाही. महाराष्ट्राने त्याविरुद्ध २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला, कारण आजही ते घडतं. घुमटाच्या आत बहिष्कार म्हणजे मृत्यू. तिथे दुसरं गाव नाही, वेशीबाहेर हवा नाही.

पाण्यावर धर्माचा हात पडला की काय होतं, ते महाडला दिसलं. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात ठराव झाला, पुढे महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंना घेऊन तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्याले, आणि नंतर सनातन्यांनी तळ्याची शुद्धी केली. सरकारचा ठराव एकीकडे, तळ्याच्या काठावरची सत्ता दुसरीकडे. धर्म आणि सरकार एकत्र झाल्यावर तर तो कागदावरचा ठरावही कोणी करणार नाही. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखोंनी धर्म सोडला आणि बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्या शहरात बसून धर्मराज्याची कथा लिहिणाऱ्याने बाहेर पडायची वाट दाखवलीच पाहिजे. चारशेपैकी साठ जण उद्या म्हणाले, आम्हाला तुमचं पंचांग मान्य नाही, तर त्यांच्या हवेच्या ओळीपुढे सही कोणाची?

उत्तर प्लंबिंगमध्ये शोधा. प्रत्येक खोलीला हवेची एक नळी आणि पाण्याची एक नळी येते, दोन्हीवर एकेक झडप. आग लागली, गळती झाली तर खोली तोडता यावी म्हणून झडप बाहेरून बंद होणं गरजेचं आहे. आतला माणूस बेशुद्ध असू शकतो. पण बाहेरून बंद होणारी झडप म्हणजे वाळीत टाकायचं हत्यार. म्हणून दोन झडपा लागतात. बाहेरची गळतीच्या वेळी आपोआप मिटणारी, दाब कमी झाला तरच चालणारी, हाताने न फिरणारी. आतली हाताने फिरणारी, खोलीत राहणाऱ्याच्या ताब्यात. पहिल्या पिढीतल्या अभियंत्यांनी असंच बसवलेलं असेल. मग कधीतरी, दुरुस्तीच्या नावाखाली, चातुर्मासात, पंचांगघराच्या सहीने, बाहेरच्या झडपेला एक हँडल बसतं. लाल रंगाचं, तळहाताएवढं, चार स्क्रूंवर. कथा सुरू होते तेव्हा ते हँडल किती खोल्यांवर बसलंय, हे तुम्हाला आकड्यात माहीत हवं.